सव्वा मूठ गहू

असोदा, जि. जळगाव
६ मे १९८८

पंडित मास्तर यांस कौतिकचा रामराम.

पत्र चिंधाच्या हाती पाठवतोय. चिंधा आमचा सालदार, भरवशाचा माणूस. टपालाने पाठवलं तर तुझं उत्तर यायच्या आत हळद लागून जाईल.

काल गुरुवारी दुपारी आमच्या सुपडूचं आणि बेबाचं पोर गेलं. दोन दिवस उलट्या-जुलाब होते. बुधवारी जळगावला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं, पण मांडववाले आले आणि राहून गेलं. नऊ महिन्यांचं होतं. लगोलग नेऊन नाल्याकाठी मातीत ठेवलं. आई गेल्यापासून बेबाचं माहेर म्हणजे तू मामाच, म्हणून पहिलं पत्र तुला.

आता मुद्द्याचं. आमच्या लेकीचं, ताईबाईचं लग्न अकराला. पत्रिका वाटून झाल्या, मांडव उभा आहे, सातशे पान सांगितलं आहे. सोळापासून अधिक महिना लागतो, म्हणजे लग्न हुकलं की दीड महिना गेलं, आणि मग पेरण्या. नरडाण्याच्या पाहुण्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. उगाच त्यांच्या मनात शंका नको. पण आमचेच भाऊबंद कुजबुजतात की सुतकात हळद कशी लावायची. तू संस्कृतचा माणूस. एवढ्या लहान पोराचं सुतक किती, ते शास्त्राधाराने लिहून, खाली सही करून पाठव. तुझ्या शब्दाला इकडे वजन आहे.

सौ. बेबा ठीक आहे. कामात आहे.

कौतिक


धुळे
७ मे १९८८

कौतिकआबा,

चिंधा साडेनऊला आला, पत्र हातात दिलं आणि पायरीवर बसला. चहा नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला. मी आत येऊन वाचलं. फार वाईट झालं. त्या पोराला मी एकदाच पाहिलं, संक्रांतीला. त्याने माझा चष्मा ओढला होता आणि मी त्याला तिथल्या तिथे विद्याव्यासंगी ठरवून टाकलं होतं. ईश्वरेच्छा.

तुझ्या प्रश्नाकडे वळतो. वसतिगृहात असताना तू गणिताच्या पेपराला माझ्याकडे मान वळवायचास, आज धर्मशास्त्राच्या पेपराला वळवतोस. प्रगती आहे. ऐक. दात येण्याआधी मूल गेलं, तर स्नान केलं की शुद्धी. दात आले असतील पण जावळ काढलेलं नसेल, तर एक रात्र. आईबापांना तीन रात्री असंही एक मत आहे. ते सगळ्यात कडक मत धरलं, तरी रविवारी तुम्ही मोकळे. दात आले होते की नाही ते तुम्हाला ठाऊक. कसंही धरलं तरी अकरा तारखेला अडसर नाही. श्लोकांसह वेगळा कागद लिहून, सही करून जोडला आहे. समासात आकडे घातले आहेत, म्हणजे तुमच्या भाऊबंदांना वाटेल की माणूस खरंच शिकलेला आहे.

बेबाला सांग, मामाने धीराने घ्यायला सांगितलंय. लग्नघर आहे, तिने डोळ्यांत पाणी आणू नये. मला लग्नाला येता येत नाही. दहावीच्या तीनशे उत्तरपत्रिका माझ्या उरावर बसल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या वाचून मलाच सुतक पाळावंसं वाटतं.

तुझा
पंडित


असोदा
१७ जून १९८८

पंडित मास्तर यांस रामराम.

लग्न झकास पार पडलं. तुझा कागद लाखमोलाचा ठरला. मी तो ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, भाऊबंदांची तोंडं बंद झाली. बायकांनाही त्याचा उपयोग झाला.

ताईबाई नरडाण्याला सुखात आहे. नवरा औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, घरची शेतीही आहे. माणसं मोजून बोलणारी आहेत, आपल्याला जपून राहावं लागतं.

सौ. बेबाची तब्येत जरा नरम आहे. जेवण जात नाही, सकाळी उठवत नाही. होईल ठीक.

कौतिक


धुळे
२३ जून १९८८

कौतिकआबा,

जेवण जात नाही आणि सकाळी उठवत नाही. ही लक्षणं ओळखायला वैद्यक शिकावं लागत नाही, शेजारधर्म पुरतो. शेजारच्या धुरपदाबाईंना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हा आगाऊ अभिनंदन. देवाने एका हाताने नेलं ते दुसऱ्या हाताने परत द्यायचं मनावर घेतलेलं दिसतं, आणि तेही घाईने. सुपडूला सांग, शेतीतही एवढी तत्परता दाखव.

धुरपदाबाईंनी कैरीचं लोणचं दिलंय, बरणी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो. बेबाने मला पूर्वी महिन्याला एक पत्र लिहायची सवय ठेवली होती, ती का मोडली? आजोबा आधी होतो, आता पुन्हा व्हायचं म्हणजे मला उपरणं नवीन घ्यावं लागेल, कळवा.

पंडित


असोदा
१५ जुलै १९८८

मास्तर,

लोणचं पोचलं. तू समजलास तसं काही नाही. तुझं पत्र मी ओसरीत वाचलं, मंडळी हसली, बेबा उठून आत गेली.

आता तुझ्यापासून लपवत नाही. तिचं डोकं ठिकाणावर नाही. घरात कोणाशी बोलत नाही आणि नाल्यावर जाऊन एकटी बोलते. धुणं घेऊन जाते, धुणं कोरडंच परत येतं. गावातल्या लोकांनी दोनदा पाहिलं. एका भगताला आणलं. त्याने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, मिरच्यांची धुरी दिली, दंडाला काळा दोरा बांधला. त्या दिवसापासून तिचं बोलणं साफ बंद झालं. भगत म्हणतो, म्हणजे निम्मा उतार पडला.

सध्या तिला मळ्यातल्या खोलीवर ठेवलंय. केळीची लागण चालू आहे, माणसांचा राबता असतो, तेव्हा एकटी आहे असं म्हणता येणार नाही. सुपडूची आई शेवंता दोन वेळा डबा घेऊन जाते.

तू मात्र इकडे येऊ नकोस. तू आलास की गाव विचारणार, मास्तर अवेळी का आला. गावाने विचारलं की गोष्ट नरडाण्याला पोचलीच. ताईबाई नवी नवरी. भावजय वेडी आहे म्हटल्यावर तिच्याकडे बघायची त्यांची नजर बदलेल. त्यापेक्षा तू एखादं स्तोत्र लिहून पाठव. बेबा तुझा शब्द मानते.

कौतिक


धुळे
२० जुलै १९८८

चि. बेबा,

स्तोत्र पाठव म्हणून आबांचं पत्र आलं. मी स्तोत्र पाठवत नाही. मी तुला पाच वर्षांची असल्यापासून पाठांतर करायला लावलं, तेवढं पुरे.

मला तुझ्याकडून ऐकायचंय. सोबत पत्ता घातलेलं आंतरदेशीय पत्र ठेवलं आहे. काय झालं ते लिही. नीट लिहायची गरज नाही, सुसंगत लिहायची तर अजिबात नाही. मी तपासायला बसलेलो नाही.

तुझा
मामा


मळ्यातून, असोदा
२२ ऑगस्ट १९८८, सोमवार

ती. मामांना बेबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र महिनाभराने आज मिळालं. सासूबाईंनी ते कणगीमागे ठेवलं होतं. आज त्यांनीच आणून दिलं आणि म्हणाल्या, "लिही. मी बाहेर बसते." त्या बाहेर बसल्यात.

तुम्ही विचारलं काय झालं. पितांबर गेला ते सगळ्यांनी तुम्हाला कळवलंच. त्याचं नाव कोणी लिहिलं का? घरात घेत नाहीत. पोर म्हणतात, नाहीतर ते झालं तेव्हा म्हणतात. त्याला खाली दोन दात आले होते. शनिवारी चिंधादादा तुमचा कागद घेऊन आले. आबांनी तो ओसरीत वाचला. मी चुलीजवळ होते. सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "तुह्या मामानं लिहेल हाये, एक रात सांगितली. दोन झाल्या. आता रडू नको." मला वाटलं मामांनी लिहिलंय म्हणजे तसंच असेल. मी रडले नाही.

हळदीच्या दिवशी माझी चोळी पुढून भिजत होती. बायका बघायला लागल्या. मोठ्या काकूंनी मला कोठीत नेऊन फडक्याने छाती घट्ट आवळून बांधली आणि वरून शालू नेसवला. मी करवलीबरोबर ताट धरून उभी होते. मला ठणका लागायचा तेव्हा मी दात आवळायचे, फोटोत मी हसतेय असं दिसतं. फोटो छान आलाय असं सगळे म्हणतात.

मामा, त्याला कुठे ठेवलं ते मला कोणी सांगत नाही. बायकांनी विचारू नये म्हणतात. यांना विचारलं तर हे उठून बाहेर जातात. म्हणून मी नाल्याच्या कडेने जाते आणि सगळीकडे थोडं थोडं बोलते. कुठेतरी ऐकू जात असेल. त्याला वेड म्हणतात. धुरी दिली तेव्हा मला श्वास येत नव्हता, मग मी बोलणं सोडून दिलं. ते सोपं पडलं.

काल कानबाई देवीचा सण होता. सून दिसली नाही तर भाऊबंद विचारतील म्हणून शनिवारी मला घरी आणलं, अंघोळ घातली, नवी साडी दिली. नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला आबा बसले. तुम्हाला माहीत आहे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबा नाव घेत होते आणि सुपात मूठ टाकत होते. स्वतःची, यांची, काकांची, काकांच्या पोरांची. अकरा नावं झाली. काकांच्या नातवाचं झालं, तो तर सहा महिन्यांचा आहे. मग आबा थांबले आणि हात झटकले.

गेल्या साली पितांबर आठ दिवसांचा होता, तरी त्याच्या नावाची मूठ टाकली होती. मी कणगीतून मूठ भरून घेतली, वर थोडे अजून घेतले, सव्वा झाले, आणि सुपात टाकले. "पितांबरचे," म्हटलं. दोन महिन्यांनी एवढंच बोलले.

कोणी ओरडलं नाही. मग काका म्हणाले, एवढे काढून टाका. काकू म्हणाल्या, कोणते काढायचे, गहू का नाव सांगतात? अर्धा तास वाद चालला. शेवटी सगळे गहू बैलांपुढे ठेवले आणि नवीन मोजले. अकरा. मला मळ्यात आणून सोडलं. बाहेरून कडी लावतात.

मला घेऊन जा असं मी म्हणत नाही, मामा, तुमच्या घरात बाईमाणूस नाही. फक्त त्यांना विचारा त्याला कुठे ठेवलंय. ते तुमचं ऐकतात.

तुमची
बेबा


असोदा
२३ ऑगस्ट १९८८

मास्तर,

आता पाणी डोक्यावरून गेलं. तुझ्या भाचीने कानबाईचा विटाळ केला. सणाच्या दिवशी साऱ्या भाऊबंदांसमोर मेलेल्याच्या नावाचे गहू देवीच्या सुपात टाकले. माझी मान खाली गेली.

मला दोन गोष्टी शास्त्राधाराने लिहून हव्या आहेत. एक, या दोषाला प्रायश्चित्त काय. दुसरी जरा नाजूक आहे. बायको वेडी असेल तर नवऱ्याने दुसरं लग्न करायला शास्त्राची मोकळीक आहे ना? कायद्याचं मी वकिलाला विचारतो, पण गावाला शास्त्र लागतं. तिचा मामाच लिहून देतोय म्हटल्यावर कोणाला बोलायला जागा राहणार नाही. तिला आम्ही टाकणार नाही, मळ्यात राहील, दोन वेळचं मिळेल. तुझ्यावर तिचं ओझं टाकणार नाही, याची खात्री बाळग. आपली मैत्री जुनी आहे.

कौतिक


धुळे
२६ ऑगस्ट १९८८

कौतिक,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. अकरावीला रस शिकवत होतो, आज बीभत्साची पाळी होती. त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहितोय, आणि उदाहरण म्हणून स्मशान, किडे, आतडी असलं पुस्तकी सामान मांडतोय. मुलं नाक मुरडून हसतात, मीही हसतो. मधल्या सुट्टीत तुझं पत्र वाचलं. त्याच्याआधी बेबाचं आलं होतं, ते कालपासून खिशात होतं. पुढचा तास घेता आला नाही. शिपाई म्हणाला, "काय व्हयनं सर, पोट दुखी ऱ्हायनं का?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

तू विचारतोस, शास्त्रात काय आहे. आहे. तुला हवं ते आहे, तुला नको ते त्याच्या शेजारच्याच पानावर आहे, आणि दोन्ही मला तोंडपाठ आहेत. मी आत्ता बसलो तर तासाभरात तुला पाहिजे तसा कागद तयार होईल, समासात आकड्यांसह. हे मला ठाऊक आहे म्हणूनच कागद लिहीत नाही. मे महिन्यात मी नेमकं हेच केलं. माझ्या बहिणीची लेक चुलीजवळ बसली होती, तिच्या मांडीवरचं लेकरू दोन दिवसांपूर्वी गेलं होतं, आणि मी इथून विचारलं की त्याला दात आले होते काय. अक्षर सुंदर काढलं होतं मी. विनोदही केले. ते दुसरं पत्र, अभिनंदनाचं, ते आठवलं की मला अंगावरून घाण पाण्याचा हात फिरल्यासारखं होतं. पोर गेलेल्या बाईला मी लोणचं पाठवलं.

तेव्हा तुझ्यावर एकट्यावर तोंड टाकत नाही. पण तुझ्या वाट्याचं तुला देतो. मला तुझ्या कठोरपणाची किळस येत नाही. तू कठोर नाहीस, वसतिगृहात मला हिवताप झाला तेव्हा माझी ओकारी तूच पुसली होतीस. किळस येते ती तुझ्या नीटनेटकेपणाची. मांडव नीट, पान नीट, फोटो नीट, सून अंघोळ घालून आणलेली, साडी नवी. पोरीच्या अंगातलं दूध फडक्याने आवळून त्यावर शालू. सहा महिन्यांच्या पोराची मूठ सुपात, नऊ महिन्यांच्याची बैलांपुढे. अर्धा तास तुम्ही दहा मोठी माणसं गव्हाचा दाणा ओळखायला बसलात आणि त्यांतल्या एकालाही समोरची बाई ओळखता आली नाही. भगताने तिला इतकं गुदमरवलं की ती मुकी झाली, आणि तू मला तो निम्मा उतार म्हणून कळवलास. ते शब्द माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

प्रायश्चित्त विचारतोस, तर माझ्याकडून एवढंच. रविवारी २८ला सकाळच्या गाडीने मी येतोय. अवेळीच येतोय. गावाला काय सांगायचं ते तू ठरव, मला कोणी विचारलं तर मी खरं सांगेन, माझा आवाज वर्गातला आहे. मळ्याची कडी तू स्वतः काढ. बेबाला मी धुळ्याला नेतोय. माझ्या घरात बाईमाणूस नाही हे खरं, पण शेजारी आहे.

आणि आणखी एक. मी आज सकाळी नरडाण्याला तुझ्या व्याह्यांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. ताईबाईच्या संसाराला त्याने धक्का बसला तर त्याचा धनी मी. मला रात्रभर भीती वाटली, तरी टाकलं.

पंडित


धुळे
१२ सप्टेंबर १९८८

कौतिक,

त्या दिवशी तू स्वतः कडी काढलीस. आम्ही एसटीत बसेपर्यंत तू स्टँडच्या खांबामागे उभा होतास, तेही मी पाहिलं. म्हणून हे पत्र लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो.

बेबाला इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "हिला कोणी रडू दिलं नाही का?" मी म्हणालो, नाही, तसा लेखी आदेश होता. झोपेची गोळी दिली आहे, आठवड्याला बोलावलंय. ती बरी झाली असं मी लिहीत नाही. एखाद्या दिवशी जेवते. एखाद्या दिवशी हातात घास धरून बसते आणि मी काही विचारलं की "हो" म्हणते, प्रश्न कोणताही असो.

आपल्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. बसतात, दोन शब्द बोलतात, पाणी पिऊन जातात. तुझ्या दारात मांडव होता, त्यामुळे तिच्या दारावर कोणी आलं नाही. हे मी धुरपदाबाईंना सहज बोललो. त्या म्हणाल्या, "मंग आते येतस ना." आणि चार महिने उशिरा का होईना, त्या आल्या, गल्लीतल्या नऊ बायका घेऊन. माझ्या पुस्तकांच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. एकीने विचारलं, "नाव काय होतं लेकराचं?" बेबाने नाव सांगितलं. मग जे रडणं झालं ते मी लिहू शकत नाही. मी कपाटाशी उभा होतो, सगळे ग्रंथ पाठीला टोचत होते.

परवा शनिवारी नरडाण्याहून तुझ्या विहीणबाई, भागाबाई, ताईबाईला घेऊन आल्या. मी घाबरून दार उघडलं. मला वाटलं जाब विचारायला आल्या. त्या दारावर आल्या होत्या. आत येऊन बेबाला जवळ घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्हले कोणी काहीच सांगं नही, सर. लगीन काय, दिवाळीनंतर लाई टाकतूत."

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवतोय, कारण ते तू वाचावंस. त्यांनी लग्न दिवाळीनंतर लावलं असतं. ज्यांच्या नजरेच्या धाकाने तू हे सगळं केलंस, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही कागद लिहिताना विचारलं नाही की नरडाण्याला का कळवत नाहीस. ताईबाई तुझी लेक, भाऊ-भावजयीच्या शेजारी हळद लावून बसलेली, ती म्हणाली, "मला रडायचं होतं, आई म्हणाली हळद उतरेल." पोरगी चार महिने सासरी हसून राहतेय, ते कशाच्या जोरावर ते मला आता कळलं.

निघताना भागाबाईंनी बेबाला विचारलं, "पोऱ्याले कोठे ठेयेल शे?" साधा प्रश्न. दारावर आलेला कोणीही विचारतो. बेबाने माझ्याकडे पाहिलं.

म्हणून तुला विचारतोय. आतापर्यंत तू मला विचारायचास आणि मी लिहून द्यायचो. आज मी विचारतो. शास्त्र नको. जागा लिही. कोणत्या झाडापासून किती पावलं, ते लिही. त्याशिवाय तिचं पुढचं काही सुरू होत नाही, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

पंडित


असोदा
१७ सप्टेंबर १९८८

मास्तर,

तुझं पत्र आलं. दोन दिवस उत्तर लिहायला बसतोय आणि उठतोय.

मला जागा माहीत नव्हती. मी गावात सगळ्यांना सांगितलं होतं की आम्ही चौघांनी नेलं. मी गेलो नव्हतो. मी मांडववाल्याशी खांबांवरून बोलत होतो. सुपडूला मीच भुसावळला धाडलं, बँडवाल्याला सांगून ये म्हणून. त्याचं तोंड पाहून पाहुण्यांनी काही विचारायला नको होतं. चिंधा एकटा गेला. टोपलीत घेऊन, वरून केळीचं पान घालून. रस्त्यात कोणी विचारलं तर शेण नेतोय म्हण, असं मी त्याला सांगितलं होतं. तू नीटनेटकेपणा म्हणालास. तो एवढा होता.

आज सकाळी चिंधाकडे गेलो. त्याच्या घरी मी कधी गेलेलो नाही, तो घाबरला. मी विचारलं. तो म्हणाला, "आबा, इचारलं आसतं तं कवाच सांगितलं आसतं. कोणी इचारलंच नाही." माझ्यापुढे चालू लागला. त्याला आठवावं लागलं नाही.

नाल्याच्या या अंगाला जुनी विहीर आहे. तिच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं तिथून, उगवतीकडे अकरा पावलं, दोन बाभळींच्या मध्ये. चपटा दगड ठेवलेला आहे. भोवती काट्या रोवल्यात, कुत्र्यांसाठी. काट्या ताज्या होत्या, तो बदलत असणार. पितांबर तिथे आहे.

बेबाला घेऊन ये. तिला यावंसं वाटेल त्या दिवशी, मला अगोदर कळवायची गरज नाही. सुपडू तिला भेटायला मंगळवारी धुळ्याला येतोय, मी पाठवत नाही, तोच निघालाय. दुसऱ्या लग्नाचा विषय मी काढला होता, तो त्याला माहीतही नव्हता. काल कळला तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

अजून एक लिहायचं आहे, ते तुला कधी बोललो नाही. आज आम्ही विहिरीकडे निघालो तेव्हा शेवंता मागून आली. दगडापाशी बसली, हात लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन माह्ये दोन कुठी हायेत?"

मी म्हटलं, कोणते दोन.

सुपडूच्या आधी आम्हाला दोन पोरं झाली होती, मास्तर. एक अकरा महिन्यांचा, एक वीस दिवसांची. ती मी नेली होती, माझ्या हाताने. तीस वर्षं ती मला विचारायची थांबली होती आणि मला आठवेना. ती वाट बघत होती. मी नाल्यापलीकडच्या निंबाकडे बोट दाखवलं. म्हटलं, त्याच्या बुडाशी. ती उठली, नाला ओलांडून गेली आणि निंबाखाली जाऊन बसली.

तो निंब पंधरा वर्षांचा आहे. हे तिला माहीत आहे. तो तिनेच लावलेला आहे.

कौतिक